टी १४.९ म्हणजे नक्की कुठे लागलं?

आळ्याच्या मामांचा किस्सा घरच्यांना ठाऊकच आहे. बाकीच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. कांद्याच्या गोण्या उतरवताना ट्रॉलीचा फाळका उजव्या हातावर आदळला. तर्जनी चिरडली, वरचं पेर गेलं. चार दिवस दवाखान्यात काढून मामा घरी आले. महिन्याभराने अपघात विम्याची फाइल परत आली. शेरा : इजेचा तपशील नाही.

डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. निदानाच्या रकान्यात एकच शब्द, 'इन्जुरी'. शेजारी टी १४.९. अहो, बोट गेलंय माणसाचं!

हे आकडे येतात कुठून? जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची आणि इजांची एक यादी आहे, आयसीडी. तिच्या दहाव्या आवृत्तीत 'एस'ने सुरू होणारे क्रमांक शरीराच्या भागांप्रमाणे लावलेत. एस ०० ते ०९ डोकं, एस ६० ते ६९ मनगट आणि हात. त्यातही एस ६२ हाड मोडलं तर, एस ६७ चिरडलं तर, आणि एक बोट तुटलं तर एस ६८.१. म्हणजे मामांच्या बोटासाठी जागा तयार होती! कशामुळे लागलं याचे क्रमांक आणखी वेगळे. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या बिबट्याला मात्र स्वतःचा क्रमांक नाही. कुत्रा चावला तर डब्ल्यू ५४, बिबट्या गेला 'इतर सस्तन प्राण्यां'त, डब्ल्यू ५५. पण निदान तेवढं तरी लिहा की!

टी १४.९ म्हणजे 'इजा, तपशील नाही'. हा क्रमांक वाईट नाही. रात्री आळेफाट्यावर अपघात झाला, माणूस बेशुद्ध, लगेच पुण्याला हलवायचाय, तेव्हा तो वापरला तर कोण तक्रार करेल? पण चार दिवस ड्रेसिंग करून, एक्सरे काढून, बिल घेऊन झाल्यावरही 'तपशील नाही'? तपशील होता. लिहिला नाही, एवढंच.

यावर ठरलेलं उत्तर येतं, डॉक्टरांना वेळ नसतो. गर्दी असते, मान्य. पण 'उजवी तर्जनी, पेर तुटलं, ट्रॉलीचा फाळका' हे लिहायला किती वेळ लागतो? कोडिंग करणाऱ्या मुलांनाही मी दोष देणार नाही. कार्डावर नाही ते त्यांनी मनाने लिहू नये, हाच त्यांच्या कामाचा नियम आहे. वरून कोरं आलं की खाली कोरंच उतरणार.

आणि प्रश्न एकट्या मामांच्या पैशांचा नाही. वनखात्याची भरपाईसुद्धा जखम किरकोळ की गंभीर, अपंगत्व कायमचं आहे का, यावर ठरते. ट्रॉलीने किती बोटं गेली, विहिरीत पडून किती कंबरा मोडल्या, हे मोजायचं तर आधी कुणीतरी लिहायला हवं. सगळं टी १४.९ मध्ये ढकललं की कागदावर आपल्या तालुक्यात कुणाचं काहीच मोडत नाही!

माऊलींनी ज्या रेड्याकडून वेद वदवले, त्याची समाधी आळ्यात आहे असं आपण मानतो. रेडा कुठे पुरला हे गावाने शेकडो वर्षं लक्षात ठेवलं. माणसाचं कुठलं बोट गेलं हे कार्डाला चार दिवस लक्षात राहू नये?

असो. मामांनी पुन्हा जाऊन कार्ड दुरुस्त करून आणलंय. तुम्हीही घरी निघण्याआधी काउंटरवर कार्ड वाचा. कुठे, काय, कशाने, ही तीन उत्तरं नसतील तर तिथून हलू नका.