मठ एक, दावेदार दोन

युक्रेनची राजधानी कीव्हमध्ये नीपर नदीच्या उजव्या काठावरील टेकडीवर सोनेरी घुमटांचा एक विस्तीर्ण मठ उभा आहे. त्याचे नाव पेचेर्स्क लाव्रा. ‘पेचेरा’ म्हणजे गुहा आणि ‘लाव्रा’ ही मोठ्या, प्रतिष्ठित मठाला मिळणारी उपाधी. आपल्याकडे कीव्हचे नाव घरोघरी पोहोचले ते २०२२ मध्ये, ‘ऑपरेशन गंगा’तून वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी परतू लागले तेव्हा. पूर्व युरोपातील ऑर्थोडॉक्स भाविकांच्या लेखी मात्र हे शहर नऊ शतकांहून अधिक काळ तीर्थक्षेत्र आहे. आज या तीर्थाच्या आवारात पाऊल ठेवणाऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो, तो हा मठ नेमका कोणाचा, हाच.

ग्रीसमधील आथोस पर्वतावरून परतलेल्या अँथनी या साधूने १०५१ च्या सुमारास येथील गुहेत वास्तव्य केले, तेथून मठाची सुरुवात मानली जाते. टेकडीच्या पोटातील अरुंद भुयारांतून हातात मेणबत्ती घेऊन जायचे, स्त्रियांनी डोके झाकायचे, असा येथील रिवाज. दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत काचेच्या पेट्या असून त्यांत कोरड्या हवेत टिकून राहिलेले साधूंचे देह भरजरी वस्त्राखाली ठेवलेले आहेत. स्लाव्ह इतिहासाचा आद्य बखरकार मानला जाणारा नेस्टर याच भुयारांत विसावला आहे. वर, खुल्या आवारात ९६ मीटरहून उंच घंटाघर आहे आणि त्याच्याजवळ उस्पेन्स्की कॅथेड्रल. हे मूळ अकराव्या शतकातील मंदिर नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मन अमलाखाली असताना स्फोटाने उद्ध्वस्त झाले. स्फोट कोणी घडविला यावर इतिहासकारांचे अजूनही एकमत नाही. आज दिसणारी वास्तू २००० साली पूर्ण झालेली प्रतिकृती आहे.

मठाचे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असे दोन भाग पडतात आणि सध्याच्या वादाचा नकाशाही हाच आहे. सोव्हिएत राजवटीने १९२० च्या दशकात मठ ताब्यात घेऊन त्याचे संग्रहालय केले. पुढे १९८८ मध्ये, ख्रिस्ती धर्म स्वीकाराच्या सहस्राब्दीनिमित्त, खालचा भाग साधूंना परत मिळाला; पण तो वापरापुरता. मालकी सरकारकडेच राहिली. स्वतंत्र युक्रेनने हा वारसा जसाच्या तसा पुढे चालविला. देव-धर्म न मानणाऱ्या राजवटीने केलेली ही जप्तीच आज धर्मविषयक धोरणाचे सर्वांत धारदार हत्यार ठरली आहे, हे विसरून चालणार नाही.

दावेदार दोन आहेत आणि त्यांची नावेही गोंधळात टाकण्याइतकी सारखी. ‘युक्रेनियन ऑर्थोडॉक्स चर्च’ हे जुने; ते मॉस्कोच्या कुलगुरूंच्या छत्राखाली होते. ‘ऑर्थोडॉक्स चर्च ऑफ युक्रेन’ हे नवे. त्याला जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या कुलगुरूंनी स्वायत्ततेची सनद दिली. कीव्हचे धर्मपीठ १६८६ मध्ये मॉस्कोकडे गेले होते, ती गाठ या सनदेने सोडविली असे नवे चर्च मानते. मॉस्कोला ते अर्थातच मान्य नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने पूर्ण आक्रमण केले आणि हा शास्त्रार्थ राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न बनला. मॉस्कोचे कुलगुरू किरिल यांनी युद्धाची उघड पाठराखण केली. युद्धात मरण आल्यास सैनिकाची पापे धुऊन निघतात, असे त्यांनी सांगितले. जुन्या चर्चने मे २०२२ मध्ये मॉस्कोपासून पूर्ण स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले खरे, परंतु सरकारी तज्ज्ञांनी २०२३ च्या प्रारंभी ही फारकत अपुरी असल्याचा निष्कर्ष काढला. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये मठातील एका मंदिरात रशियाचा गौरव करणारे गीत गायले गेल्याची चित्रफीत पसरली होती आणि पाठोपाठ गुप्तचर यंत्रणेने मठाची झडती घेतली होती.

मग भाडेकरार पुढे आला. वरच्या भागातील मंदिरांचा करार २०२२ च्या अखेरीस संपला. तो वाढविण्यात आला नाही. ७ जानेवारी २०२३ रोजी नव्या चर्चचे प्रमुख एपिफानी यांनी उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये युक्रेनियन भाषेत नाताळची प्रार्थना केली. खालचा भाग २९ मार्चपर्यंत रिकामा करावा, अशी नोटीस साधूंना मिळाली. त्यांनी नकार दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारी संग्रहालयाच्या बाजूने कौल दिला. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये युनेस्कोने कीव्हचा वारसा धोक्यातील स्थळांच्या यादीत घातला. त्यामागचे कारण बॉम्बहल्ल्यांचे होते, भाडेकरूंच्या तंट्याचे नव्हे.

ऑगस्ट २०२४ च्या कायद्याने रशियन चर्चवर बंदी आली आणि त्याच्याशी संलग्न संस्था न्यायालयामार्फत विसर्जित करण्याची वाट खुली झाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने या कायद्यावर आक्षेप घेतले आहेत. जुलै २०२५ मध्ये जुन्या चर्चचे प्रमुख ओनुफ्री यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. पाठोपाठ कीव्हचे धर्मपीठ मॉस्कोशी संलग्न असल्याचे सरकारने जाहीर केले.

शत्रूच्या धर्मपीठाशी नाते ठेवणाऱ्या संस्थेला सरकारी वास्तू वापरू द्यायची की नाही, हे ठरविण्याचा अधिकार युद्धग्रस्त राष्ट्राला आहे. त्याविषयी दुमत नसावे. गुन्हा केलेल्या महंतावर खटला चालविणेही रास्तच. मात्र निष्ठेचा प्रश्न घरमालकाच्या नोटिशीने सोडवू पाहिला की, फितुरीच्या आरोपाशी काडीचाही संबंध नसलेला वृद्ध साधूही त्याच दारातून बाहेर जातो. जुन्या चर्चच्या हजारो गावांतील भाविकांचे मुलगेही याच आघाडीवर लढत आहेत. मठातीलच एक अर्चिमँड्राइट अब्राहामी यांनी २०२३ मध्ये नव्या चर्चमध्ये जाऊन हंगामी महंतपद स्वीकारले, पण इतर बहुसंख्य साधू त्यांच्यामागे गेले नाहीत. सनदा आणि कायदे जेथे वळवू शकतात, तेथे मन वळवू शकतीलच असे नाही.

मठाच्या तटाबाहेर, बेरेस्तोव्होच्या छोट्या चर्चमध्ये आणखी एक कबर आहे. ती युरी दोल्गोरुकी याची, म्हणजे मॉस्कोचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या राजाची. ११५७ मध्ये तो कीव्हमध्येच वारला.