हात सगळ्यांचेच लागतात

‘हँडमेड’ हा शब्द दिसला की आपण विरघळतो. साबण असो, लोणचं असो नाहीतर बेस गिटार. कित्येक लाखांचं वाद्य, बॉडीवर ढगांसारखी नक्षी असलेल्या लाकडाचा पापुद्रा, आणि वर्णनात हमखास एक वाक्य की यात कारागिराचा आत्मा आहे. मी दिवसा कोड लिहितो, उरलेल्या वेळात बेस वाजवतो आणि या वाद्यांवर माझं मनापासून प्रेम आहे. पण त्यांचं जे कौतुक चालतं ते मला पटत नाही. आपण भलत्याच गोष्टीला टाळ्या वाजवतोय.

आधी लाकडाबद्दल. इलेक्ट्रिक बेसचं पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची वायर. वरची धातूची तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि त्या गुंडाळीत वीज तयार होते. पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे. बॉडीवर चिकटवलेला काही मिलिमीटरचा देखणा थर त्याला कळतही नाही. लाकूड जिथे खरंच बोलतं ती जागा म्हणजे नेक. नेक स्वतःही थरथरतो आणि तारेची ऊर्जा शोषतो. म्हणून कितीतरी बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विझतो. त्याला डेड स्पॉट म्हणतात. नेक किती ताठ ठेवायचा, हा कारागिरीचा खरा प्रश्न आहे. पण त्याचा फोटो चांगला येत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता इतिहास बघा. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला. नेक स्क्रूने बसवलेला, बिघडला तर काढून दुसरा लावता यावा म्हणून. निखालस कारखान्याचा माल. मोटाउनच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन ज्यावर वाजला तो 1962 चा असाच एक प्रिसिजन होता आणि त्याच्या जुन्या तारा तो सहसा बदलतही नसे. जॅको पास्टोरियसचा प्रसिद्ध बेसही 1962 चाच, फेंडरचा जॅझ बेस. फ्रेट काढलेला, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा थर दिलेला. आत्मा असेल तर तो या दोघांच्या बोटांत होता.

मग बुटीक बेस कशाला हवेत? हवेत, कारण काही प्रश्न कारखाना सोडवत नाही. अँथनी जॅक्सनला चार तारांच्या खाली आणि वर जायचं होतं. 1975 मध्ये कार्ल थॉम्पसनने त्याच्यासाठी सहा तारांचा बेस बनवला. पुढे ब्रुकलिनच्या फोडेराने त्याच्यासाठी असेच बेस बनवले, 34 ऐवजी 36 इंच स्केलचे. हे दोन इंच नखऱ्याचे नाहीत. तीच तार, तोच स्वर, पण ताण सुमारे 12 टक्क्यांनी वाढतो आणि खालची ढिली पडणारी बी तार ताठ होते. वादकाची अडचण ऐकून घेऊन मापं बदलणं, याला मी कारागिरी म्हणतो. त्यासाठी लाकूड सीएनसी मशीनवर कापलं तरी माझी काही हरकत नाही. अनेक नामांकित कार्यशाळा ते करतातच.

हात कुठे अपरिहार्य असतो हे आपल्याला मिरजेने कधीच शिकवलंय. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांची खरी कसोटी जवारीत आहे. घोडीचा उतार घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. कुठे थांबायचं ते कान सांगतो. बेसवर याच जातीचं काम म्हणजे फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या खाचा तासणं, नेकचा बाक साधणं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाने चूक झाली तरी तार फ्रेटला घासून खरखरते.

आणि इथेच माझा खरा राग आहे. इंडोनेशियातल्या कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त बेसवरही फ्रेट घासणारे, पॉलिश करणारे, तारा चढवणारे हात माणसांचेच असतात. त्यांना आपण ‘फॅक्टरी’ म्हणतो. ब्रुकलिनमधल्या हाताला नाव असतं, म्हणून तो ‘हँडमेड’. तुमच्या-माझ्या शहरात एखाद्या गाळ्यात बसून फ्रेट लेव्हल करणारा माणूस असतो. लाखाच्या बेसची स्वप्नं बघणारी आपली मंडळी त्याच्याशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतात, आणि वर ‘जरा फाइल मारायची तर आहे’ असं ऐकवतात. हाताच्या कामाचं एवढं प्रेम असेल तर ते आधी इथे दिसायला हवं.

बँडमधली पोरं म्हणतात, चांगला बेस आला की मनावर घेईन. त्यांनी आहे तो बेस घेऊन या माणसाकडे जावं. नीट सेटअप करून घ्यावा, तो सांगेल ते पैसे द्यावेत, आणि तो काय करतो ते शेजारी उभं राहून बघावं. पुढे खरंच कधी बुटीक बेस घ्यायची ऐपत आली, तर बनवणाऱ्याला लाकडाचं नाव विचारू नका. डेड स्पॉट कुठे आहे, स्केल हीच का निवडली, पाच वर्षांनी फ्रेट झिजले तर कोण बघणार, हे विचारा. ज्याच्याकडे उत्तरं असतील त्याला त्याची किंमत खुशाल द्या.