खुर्ची रिकामी होण्याआधी



चातुर्मास संपला की आमच्याकडे युवक मंडळाच्या नव्या कार्यकारिणीची चर्चा सुरू होते. चर्चा म्हणायची एवढंच. अध्यक्षांचं नाव एकवीस वर्षं तेच आहे. माणूस भला आहे, पदरमोड करतो, रात्री-अपरात्री कुणाच्याही मदतीला धावतो. पण आता साठी जवळ आली, गुडघे कुरकुरतात. 'दुसरं कुणी पुढे येतच नाही हो' असं तेच सांगतात आणि पुन्हा त्यांच्याच गळ्यात हार पडतो. पोरंही टाळ्या वाजवून मोकळी होतात, कारण जबाबदारी टळलेली असते.

पाठशाळेत लहान मुलांना णमोकार मंत्र शिकवतात त्या आपल्या मुली. पंचकल्याणकाच्या वेळी देणग्यांचा हिशेब मोबाइलवर चोख ठेवतात त्याही मुलीच. कार्यकारिणीत मात्र त्यांचं नाव नसतं. विचारलं तर उत्तर येतं, 'मंडळ युवकांचं आहे, महिलांसाठी महिला मंडळ आहेच की.'

हा प्रश्न फक्त आमच्या गावचा नाही, म्हणून आज एका जुन्या संस्थेबद्दल लिहिते. माझ्या मुंबईच्या नणंदेकडे 'प्रबुद्ध जीवन' हे गुजराती नियतकालिक येतं. ते श्री मुंबई जैन युवक संघाचं. हा संघ १९२९ मध्ये सुरू झाला, म्हणजे शंभरीला टेकला आहे. नाव 'युवक' आणि वय शंभर! एवढी वर्षं एखादी तरुणांची संस्था टिकते कशी, हे कळलं तर आपल्यालाही त्यातून काही घेता येईल.

सुरुवात झाली ती एका वादातून. त्या काळी श्वेतांबर समाजात लहान मुलांना दीक्षा देण्यावरून मोठं वादळ उठलं होतं. मुंबईतल्या काही तरुणांचं म्हणणं होतं की ज्याला संसार म्हणजे काय हेच कळत नाही, त्याच्या त्यागाला त्याग कसं म्हणायचं? त्यांचा विरोध दीक्षेला नव्हता, अजाणत्या वयात दिलेल्या दीक्षेला होता. हा वाद किती पेटला होता याचा अंदाज यावा म्हणून सांगते, १९३३ मध्ये बडोदा संस्थानानं अज्ञान मुलांच्या संन्यासदीक्षेला आळा घालणारा कायदाच केला. आपल्यापैकी काहींना आजही त्या तरुणांचं म्हणणं पटणार नाही. पण त्यांनी प्रश्न विचारला तो धर्म सोडून नाही, धर्मात राहून विचारला, हे मान्य करायला हवं.

निव्वळ विरोधावर उभी राहिलेली संस्था वाद शमला की संपते. युवक संघ संपला नाही, कारण त्याला पंडित सुखलालजींसारखा माणूस लाभला. १८८० साली जन्मलेल्या सुखलालजींची दृष्टी सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात गेली. तरीही ते काशीला जाऊन शिकले, 'सन्मतितर्क' या अवघड ग्रंथाचं संपादन केलं, बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शन शिकवलं. त्यांच्या प्रेरणेनं पर्युषणात व्याख्यानमाला सुरू झाली. पर्वाच्या दिवसांत साधू-महाराजांची प्रवचनं होतातच. त्यांच्या जोडीला गृहस्थांनीही बोलावं, दुसऱ्या धर्माच्या अभ्यासकांनाही ऐकावं, ही कल्पना त्या काळात धाडसाची होती. वादासाठी जमलेल्या तरुणांच्या हातात सुखलालजींनी दर वर्षी करण्याजोगं एक काम ठेवलं. मला त्यांचं सर्वांत मोठं देणं हेच वाटतं.

पुढचं नाव परमानंद कुंवरजी कापडिया. त्यांचे वडील कुंवरजीभाई भावनगरचे नावाजलेले, जुन्या वळणाचे धर्माभ्यासक. मुलगा मात्र सुधारक निघाला. १९३६ मध्ये अहमदाबादच्या जैन युवक परिषदेत परमानंदभाईंनी अध्यक्ष म्हणून जे भाषण केलं, त्यामुळे तिथल्या संघानं त्यांना संघाबाहेर काढलं. आपल्या भागातल्या बायकांना इथे कर्मवीर भाऊराव पाटील आठवतील. कुंभोजला जन्मलेल्या भाऊरावांनाही विद्यार्थिदशेत कोल्हापूरचं जैन बोर्डिंग सोडावं लागलं होतं. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला, एवढंच निमित्त. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि आज त्यांच्या जयंतीला आपण सगळे हार घालतो.

परमानंदभाईंनी रागानं समाज सोडला नाही. संघाच्या मुखपत्राचं नाव आधी 'प्रबुद्ध जैन' होतं, ते १९५३ मध्ये 'प्रबुद्ध जीवन' झालं. एका शब्दाचा बदल, पण दार केवढं उघडलं! जैन घरात जैन प्रश्नांखेरीज दुसरंही काही वाचलं जातं, देशात काय चाललंय त्याची आपल्याला फिकीर आहे, असं त्या नावानं सांगितलं. १९५१ पासून १९७१ मध्ये डोळे मिटेपर्यंत ते संपादक होते.

त्यांच्यानंतर चिमणलाल चकुभाई शाह आले. सॉलिसिटर, घटना समितीचे सदस्य. परमानंदभाई मूर्तिपूजक घरातले, चिमणभाई स्थानकवासी. आपल्याकडे साध्या जागेच्या वादावरून दोन पंथ एकमेकांशी बोलत नाहीत, त्या मानानं हे वारसपण मला फार मोठं वाटतं. संघ मूर्तिपूजकांचा की स्थानकवासींचा, हा प्रश्नच तिथे आडवा आला नाही. १९८१ पर्यंत संपादन चिमणभाईंकडे होतं.

मग आले डॉ. रमणलाल ची. शाह, मुंबई विद्यापीठात गुजरातीचे प्राध्यापक. स्वभावानं सौम्य, ग्रंथात रमणारे. १९८२ पासून २००५ मध्ये जाईपर्यंत त्यांनी संपादन केलं. त्यांच्या काळात वादाची धार कमी झाली आणि तत्त्वज्ञान, प्रवास, माणसांची चरित्रं असं बरंच काही आलं. कुणी म्हणेल, संघ मवाळ झाला. पण त्याच काळात, १९८५ पासून, एक वेगळी प्रथा पडली. दर वर्षी व्याख्यानमालेत दुर्गम भागात काम करणारी एखादी संस्था निवडायची आणि तिच्यासाठी श्रोत्यांना मदतीचं आवाहन करायचं. पर्युषणात ऐकलेलं दान त्याच पर्युषणात हातून घडायचं. मवाळ माणसानं लावलेली ही शिस्त जहाल भाषणांपेक्षा जास्त पोटांपर्यंत पोहोचली असेल.

रमणभाईंनंतर डॉ. धनवंत शाह आणि २०१६ पासून डॉ. सेजल शाह. सेजलबेन! त्यांच्याआधी वर्षानुवर्षं ज्यांनी मुखपत्र सांभाळलं ती परमानंदभाई, चिमणभाई, रमणभाई, धनवंतभाई ही सगळी नावं पुरुषांची. 'युवक' नावाच्या संस्थेच्या मुखपत्राची सूत्रं एका बाईच्या हाती यायला सत्त्याऐंशी वर्षं लागली. आली हे चांगलंच झालं. पण आमच्या मंडळानंही एवढी वाट बघायची का?

आता मूळ मुद्दा. आमच्या अध्यक्षांना मी हे सगळं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, 'बघा ताई, परमानंदभाईंनी वीस वर्षं सांभाळलं, रमणभाईंनी तेवीस. मग माझी एकवीस का मोजता?' प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं.

पहिली गोष्ट, तिथे पुढचा माणूस आधी कामात उतरलेला दिसतो. रमणभाई संपादक झाले १९८२ मध्ये, पण व्याख्यानमालेचं अध्यक्षपद ते १९७२ पासूनच सांभाळत होते. चिमणभाई मुखपत्र चालवत होते, तेव्हाच एक मोठं काम रमणभाईंच्या खांद्यावर आलं होतं. दहा वर्षं लोकांनी त्यांना जोखलं, त्यांनी लोकांना जोखलं. खुर्ची रिकामी झाली तेव्हा 'कोण पुढे येणार' असं विचारत फिरायची वेळ आली नाही. आमच्याकडे पोरांना सतरंज्या उचलायला, वाढपाला आणि मिरवणुकीत रस्ता मोकळा करायला बोलावतात. ही कामं हलकी नाहीत, सेवाच आहे ती. पण ज्याला दहा वर्षांत कधी एका कार्यक्रमाचं अंदाजपत्रक करू दिलं नाही, चुकू दिलं नाही, तो अध्यक्षपदासाठी पुढे येईल कसा? सुनेला स्वयंपाकघराची किल्ली न देता 'हिला काहीच येत नाही' म्हणणाऱ्या सासूसारखं झालं हे.

दुसरी गोष्ट, प्रत्येकानं मागे काही तरी चालतं काम ठेवलं. सुखलालजींची व्याख्यानमाला, परमानंदभाईंचं मोकळं मुखपत्र, रमणभाईंच्या काळातली मदतीची प्रथा. पुढच्यानं ते मोडलं नाही, त्यात आपली भर घातली. आमच्या मंडळाच्या एकवीस वर्षांचा हिशेब मांडला तर फलक, स्मरणिका आणि क्रिकेट स्पर्धेचे चषक निघतील. उद्या अध्यक्ष बदलले तर नव्या माणसाच्या हातात द्यायला चालतं काम कोणतं आहे? एक पाठशाळा आहे, आणि ती आपल्या मुली चालवतात.

पण मुंबईच्या संघाचंही सगळंच घ्यावं असं मला वाटत नाही. परमानंदभाई, रमणभाई दोघंही अखेरपर्यंत खुर्चीत होते. रमणभाई संपादक झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९२९ चे तरुण संस्थेबरोबरच वयानं वाढले आणि पुढच्या तरुणांना तरुण असताना सूत्रं मिळाली नाहीत. विद्वत्ता टिकली, शिस्त टिकली, पण 'युवक' हा शब्द नावातच राहिला. एवढ्या मोठ्या माणसांच्या संस्थेचं हे होऊ शकतं, तर आपल्या गावच्या मंडळाचं काय!

दहा-बारा वर्षांनी याची किंमत कोण मोजणार? आपणच. आपली मुलं पुण्याला, बंगळुरूला शिकायला जातात. तिथे त्यांना दशलक्षणात एकत्र जमायला कुणी बोलावलं नाही, रात्री खोलीवर जेवणाची अडचण झाली, घरभाड्यापासून लग्नापर्यंत कुठलाही प्रश्न आला तर 'आपलं' म्हणून फोन करायला कुणी नसेल, तर ती समाजापासून हळूहळू लांब जातील. मग आपण म्हणणार, हल्लीच्या मुलांना धर्माची आवड नाही. आवड होती हो, पण त्यांच्या हाती काम कुणी दिलं होतं?

म्हणून या वर्षीच्या बैठकीत चार गोष्टी मागायच्या असं मी ठरवलंय. तुमच्या गावात पटल्या तर तुम्हीही मागा.

एक, अध्यक्षपदाची मुदत तीन वर्षं, फार तर दोनदा. मावळत्या अध्यक्षांनी पुढे सल्लागार राहावं, मान त्यांचाच, पण सही नव्या माणसाची.

दोन, अध्यक्षपद सोडण्याच्या वर्षभर आधी एक मोठं काम, दशलक्षणाची व्याख्यानं म्हणा की वैद्यकीय शिबिर, संपूर्णपणे पंचविशीतल्या कुणाच्या तरी हाती द्यायचं. पैशासकट. चुकलं तर चुकू दे.

तीन, मुलींना कार्यकारिणीत मतासह जागा. निदान खजिनदारपद तरी. हिशेब त्याच ठेवतात, मग वहीवर नाव त्यांचंच असू दे.

चार, बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या पोराला 'आधी वयानं मोठा हो' म्हणायचं नाही. अनेकान्त आपण पाठशाळेत शिकवतो, दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असतो असं सांगतो. ते बैठकीच्या खोलीत विसरून कसं चालेल?

बैठकीला बायका जात नाहीत, चहा पाठवतात. यंदा चहा पुरुषांना करू दे. आपण दोघी-चौघी पदर खोचून आत जाऊन बसू. भांडायला नको. हे चार मुद्दे कागदावर लिहून नेऊ आणि वाचून दाखवू. अध्यक्षांना दुखावायचं नाही, त्यांच्या एकवीस वर्षांबद्दल आधी मनापासून आभार मानायचे. त्यानंतर एवढंच विचारायचं, 'दादा, तुमच्यानंतर हे काम कोण करणार, ते तुम्हीच तयार करून द्याल ना?'