परक्याचं ताट

फौजीच्या पोराला गाव विचारलं की तो जरा गडबडतोच. कागदोपत्री आम्ही हर्सूलचे. पण बाबांच्या बदलीमुळे माझी शाळेची तीन वर्षं भूतानमधल्या 'हा' नावाच्या खोऱ्यात गेली. भारतीय लष्कराचं प्रशिक्षण पथक तिथे १९६२ पासून आहे. उंची जवळपास २७०० मीटर, थंडी कडाक्याची. आईने नेलेलं ज्वारीचं पीठ दोन महिन्यांत संपायचं. मग रोज कॅन्टीनची कणीक.

बाहेर जेवायचं ते रविवारी, बाजारातल्या चार टेबलांच्या हॉटेलात. तिथलं एमा दात्शी म्हणजे चीजमधली चक्क मिरचीची भाजी! ठेचा खाणारे बाबासुद्धा पाणी मागायचे. आईला होएन्ते आवडले : कुट्टूच्या पिठाची पारी, आत पाला नि चीज, आकार थेट करंजीचा. हॉटेलवाल्या काकू आम्हाला कधी हसल्या नाहीत. माझ्यासाठी कमी तिखटाची वाटी न सांगता यायची.

आणि आपल्या मेसमध्ये? ईशान्येकडच्या मित्राने घरून आलेला आंबवलेला बांबू उघडला की आपले रुमाल नाकाला! का हो, आपल्या सुकटीला काय अत्तराचा वास येतो? तो पोरगा मग खोलीत दार लावून जेवतो.

मेस कमिटीला एकच विनंती. महिन्यातल्या एका रविवारी बाहेरच्या राज्यांतल्या मुलांना मावशींसोबत स्वयंपाकाला उभं राहू द्या. नाही आवडलं तर पोळी-भाजी आहेच. पण ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसा तरी!