टायटॅनियमची भुकटी आणि आपले लेथवाले

१५४९ साली अहमदनगरात रुमी खानाने मलिक-ए-मैदान ही तोफ ओतली. सुमारे ५५ टनांची. ती आज विजापूरच्या बुरुजावर आहे. भारताने २०१६ साली करार करून घेतलेल्या १४५ एम-७७७ तोफा प्रत्येकी सव्वाचार टनांच्या आसपास आहेत. हेलिकॉप्टरला टांगून डोंगरावर नेता येतात. चार शतकांपलीकडची तुलना अन्यायाची वाटेल, पण त्याच व्यासाची बोफोर्सही १२ टनांच्या घरात जाते. हा हलकेपणा मुख्यतः टायटॅनियमचा.

मग लष्करी गाड्यांचे सुटे भाग या धातूचे का नाहीत? किमतीमुळे. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत टायटॅनियमचे खनिज, इल्मेनाइट, आहे. खर्च येतो तो त्यातून धातू काढण्याचा. केरळात चवरा येथे २०११ साली वर्षाला ५०० टनांचा कारखाना उभा राहिला, तोही मुख्यतः अवकाश कार्यक्रमासाठी. पुढे ठोकळा कातताना बराचसा माल कीस होऊन खाली पडतो. मलकापूरच्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा, कीस कोणत्या भावाने विकला जातो!

यावर उपाय भुकटीचा. साच्यात दाबायची, वितळू न देता निर्वात भट्टीत तापवायची. कण एकमेकांना धरतात आणि भाग जवळपास तयारच बाहेर पडतो. टेबल पंख्यातला तेल पिणारा बुश असाच बनतो. भुकटी स्वस्तात करायची तर कीसही चालतो: हायड्रोजन पाजला की टायटॅनियम ठिसूळ होते, दळता येते, मग निर्वातात हायड्रोजन काढून टाकायचा. अडचण ऑक्सिजनची. तो वाढला की भाग तडकतो. शिवाय भुकटी पेट घेते, म्हणून हे घरच्या शेडमध्ये करण्याचे काम नाही.

पण ट्रकच्या ब्रॅकेटला विमानाच्या भागाइतकी शुद्धता कशाला हवी? लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई अहमदनगरातच (आता अहिल्यानगर) आहे. तिने असे कमी जोखमीचे भाग निवडून वेगळे निकष ठरवावेत, असे मला वाटते.

यात आपले काय? सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवले आहे की मुस्लिम मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारात आहेत. आपली मुले लेथ, वेल्डिंग, गॅरेजवर हुनर शिकतात. भुकटीने कातकाम घटेल. आटे पाडणे, शेवटचे माप मात्र राहील. निर्वात भट्टी एकट्या कारागिराला परवडणार नाही. ती एमआयडीसीत सामाईक हवी, आणि तालुक्याच्या आयटीआयत ती चालवायला शिकवणारा माणूस हवा. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माण्या इथून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहेत. येत्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना हे विचारा.