रायफल विमेदार, नेमबाज वाऱ्यावर

पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक पटकाविले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडी हे छोटेसे गाव एका दिवसात सर्वतोमुखी झाले. हे यश आकस्मिक नव्हते. अंजली भागवत, सुमा शिरूर यांनी ही वाट पाडली होती. २०१० साली म्युनिकच्या स्पर्धेत तेजस्विनी सावंत जगज्जेत्या झाल्या, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबत यांनी सुवर्णपदक मिळविले. क्रिकेट आणि कुस्ती यांखेरीज आणखी एका खेळाचा अभिमान महाराष्ट्राला बाळगता येतो, ही आनंदाचीच गोष्ट होय. तथापि पदकांच्या या उजेडात एक कोपरा अंधारातच राहिला आहे आणि कोणाचाही उत्साहभंग करण्याची इच्छा नसताना त्याविषयी लिहिणे भाग आहे.

दहा मीटरच्या एअर रायफलीला मैदान लागत नाही. एक लांबट दालन, टोकाला लक्ष्यांच्या चौकटी, मागे छर्रे अडविणारा लोखंडी पत्रा आणि उजेडाची सोय एवढे जमले की रेंज तयार होते. इमारतीचे तळघर, शाळेचे बंद पडलेले सभागृह, मंगल कार्यालयाचा वरचा मजला, कोठेही हा संसार थाटता येतो. ज्याला पूर्वी एखाद्या जुन्या रायफल क्लबच्या सभासदत्वासाठी ओळखी शोधाव्या लागत, त्या शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मुलीला आज मासिक शुल्क भरून नेम धरता येतो. खेळाचे हे लोकशाहीकरण स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क घेऊन सेवा द्यावयाची म्हटली म्हणजे तो व्यवसाय झाला, आणि व्यवसाय आला की त्यातील जोखीम कोणाच्या माथी, हा प्रश्न ओघानेच येतो. परदेशी बनावटीच्या रायफलीची किंमत लाखांत जाते. इलेक्ट्रॉनिक लक्ष्ययंत्रेही स्वस्त नसतात. ती कर्ज काढून घेतली असतील तर बँक त्यांचा आगीचा व चोरीचा विमा काढून घेतल्यावाचून राहत नाही. त्या रायफलीमागे उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीच्या डोळ्याचा विमा मागणारे मात्र कोणी नाही.

एअर रायफल म्हणजे जत्रेत फुगे फोडण्याची बंदूक, असा एक समज आहे. वस्तुतः स्पर्धेच्या रायफलीतून सुटलेला छर्रा सेकंदाला दीडशे मीटरहून अधिक वेगाने जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर दहा गुण देणारे लक्ष्य त्याशिवाय भेदता येणार नाही. पत्र्याचा कोन चुकला तर तोच छर्रा उलट फिरतो, आणि उलट फिरलेल्या छर्ऱ्याला डोळा पुरेसा मऊ असतो. तरीही ज्या एअर रायफलीच्या नळीचा व्यास ०.१७७ इंचाहून अधिक नाही आणि जिची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नाही, तिला २०१६ च्या शस्त्रनियमांनुसार परवाना लागत नाही. ही सवलत योग्यच आहे; ती नसती तर हा खेळ खेड्यापर्यंत पोचलाच नसता. पण परवाना नाही म्हणून परवाना देणारा अधिकारी नाही, आणि अधिकारी नाही म्हणून तपासणी नाही, अशी ही साखळी आहे. लक्ष्याच्या भिंतीमागे काय आहे, दार गोळीबाराच्या बाजूला उघडते की मागच्या बाजूला, एका प्रशिक्षकाच्या नजरेखाली मुले किती, हे विचारणे कोणाचेच काम राहिलेले नाही.

सक्तीचा विमा ही काही आपल्याला नवी कल्पना नव्हे. रस्त्यावर धावणाऱ्या रिक्षालासुद्धा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा उतरवावा लागतो. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ही सक्ती होती, १९८८ च्या कायद्यात ती कायम राहिली. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी १९९१ साली सार्वजनिक उत्तरदायित्व विम्याचा स्वतंत्र कायदा आला. नेमबाजीची रेंज या दोहोंपैकी कशातच बसत नाही.

मग रेंजचालक काय करतात? बहुतेक जण पालकांकडून एक हमीपत्र लिहून घेतात. ‘माझा पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर प्रशिक्षण घेत असून काही अपघात घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही,’ अशा आशयाच्या त्या कागदावर प्रवेशाच्या गर्दीत वडील मुकाट्याने सही करतात. या कागदाचे कायद्यातील मोल फार थोडे आहे. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात सांगून टाकले आहे. आणि मुलाला झालेल्या इजेबद्दलचा हक्क मुलाचा असतो, वडिलांनी सही करून तो सोडून देता येईल असे मानणे धाडसाचे आहे. शिवाय १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने अज्ञानाला सज्ञान झाल्यानंतरही दावा लावण्याची सवड दिली आहे. म्हणजे ज्या अपघाताचा चालकाला विसर पडला आहे, त्याची नोटीस सहा वर्षांनीही दारात येऊ शकते. हमीपत्राने चालकाला खोटे समाधान मिळते आणि पालकाला खोटी भीती वाटते. या पलीकडे त्याचा उपयोग दिसत नाही.

खरी अडचण याच्याही पुढची आहे. समजा, ग्राहक आयोगाने वा दिवाणी न्यायालयाने मुलीच्या बाजूने दहा लाखांचा निकाल दिला. ते दहा लाख आणावयाचे कोठून? दालन भाड्याचे, रायफली बँकेकडे गहाण, चालक स्वतः एक माजी खेळाडू आणि त्याची मिळकत म्हणजे हेच शुल्क. हुकूमनामा भिंतीवर टांगून ठेवण्यापुरता उरतो. जानेवारी २०२० मध्ये आसामातील दिब्रुगड जिल्ह्यात छबुआ येथे तिरंदाजीचा सराव चालू असताना बाण लागून एक लहान मुलगी जबर जखमी झाली. तो भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रातील अपघात होता. तिला विमानाने दिल्लीला नेऊन ‘एम्स’मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली. पाठीशी शासन उभे होते. खासगी तळघरातील मुलीच्या पाठीशी कोण उभे राहणार?

या बाबतीत जर्मनीचा कायदा पाहण्याजोगा आहे. गावोगावच्या नेमबाजी मंडळांची परंपरा तेथे शतकानुशतके चालत आली आहे, तेव्हा त्या देशाला खेळाचा शत्रू म्हणता येणार नाही. तेथील शस्त्र कायद्याच्या २७ व्या कलमानुसार रेंज चालविण्याची अनुज्ञा हवी असेल तर अर्जदाराला दोन विमे दाखवावे लागतात. पहिला उत्तरदायित्वाचा, किमान १० लाख युरोंचा. दुसरा अपघाताचा, त्यात मृत्यूसाठी किमान १० हजार युरो आणि कायमच्या अपंगत्वासाठी किमान १ लाख युरो. हे शेवटचे प्रमाण मुद्दाम लक्षात घ्यावे. आपल्याकडे भरपाईचा विचार नेहमी मृत्यूपासून सुरू होतो. जर्मन कायद्याने अपंगत्वाची रक्कम मृत्यूच्या दसपट ठेवली, कारण रेंजवरचा जखमी बहुधा तरुण असतो आणि त्याला पुढची पन्नास वर्षे जगावयाचे असते. जत्रेतून फिरणाऱ्या नेमबाजीच्या तंबूंनाही तेथे उत्तरदायित्वाच्या विम्यातून सुटका नाही. आपल्या जत्रेतील फुगेवाल्याला हे ऐकून हसू येईल, पण त्या हसण्यात आपण सामील होण्याचे कारण नाही.

विम्याचा उपयोग केवळ अपघातानंतर पैसे मिळण्यापुरता असता तर त्यासाठी एवढा आग्रह धरला नसता. विमा कंपनीला स्वतःचे पैसे वाचवावयाचे असतात, म्हणून ती आधी येऊन पाहते. एप्रिल १८६५ मध्ये मिसिसिपी नदीत ‘सुलताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसे मेली. पुढल्याच वर्षी हार्टफर्ड येथे बॉयलरचा विमा उतरविणारी एक कंपनी निघाली, आणि तिने तपासनीस हाच आपल्या धंद्याचा पाया मानला. बॉयलर तपासल्यावाचून विमा नाही. आपल्याकडेही आगीच्या विम्याचे दर टॅरिफ समितीकडून ठरत असत तेव्हा, म्हणजे २००७ साली ते खुले होईपर्यंत, पाण्याच्या फवाऱ्यांची यंत्रणा बसविणाऱ्या गिरणीला हप्त्यात सूट मिळत असे. गिरणीमालकाला कामगारांच्या जिवाची कळकळ किती होती कोण जाणे. हप्त्याची मात्र निश्चित होती.

असा एखादा तपासनीस रेंजवर आला तर तो काय पाहील? पत्र्याचा कोन पाहील, दरवाजे पाहील. रायफलीच्या हवेच्या नळकांड्यांवरील तारीख तर तो नक्कीच पाहील. या नळकांड्यांत वातावरणाच्या दोनशे पट दाबाची हवा कोंडलेली असते आणि उत्पादकांनी त्यांना साधारणतः दहा वर्षांचे आयुष्य ठरवून दिलेले असते. जुनी रायफल विकत घेणारा ग्राहक नळी आणि दस्ता डोळ्यांत तेल घालून पाहतो, नळकांड्यावरची तारीख पाहत नाही. मोठ्या सिलिंडरमधून हवा भरण्याचे काम कोण करतो? अनेकदा एखादा थोराड विद्यार्थी!

आता विमा उतरविला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. पॉलिसीचे कलमवार वाचन हा आपल्या समाजाचा छंद नव्हे. उत्तरदायित्वाच्या कित्येक पॉलिसींत प्रेक्षकाला झालेली इजा धरलेली असते, प्रत्यक्ष खेळणाऱ्याला झालेली इजा वगळलेली असते. म्हणजे बाकावर बसलेल्या वडिलांना संरक्षण, आणि ज्या मुलीसाठी ते तेथे बसले तिला नाही. दावा पॉलिसीच्या मुदतीतच दाखल झाला पाहिजे, अशीही अट पुष्कळदा असते. सज्ञान झाल्यावर दावा लावणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती घातक ठरते.

सर्वांत मोठे भगदाड आहे ते शिशाचे. छर्रा शिशाचा असतो, .२२ काडतुसाची गोळी शिशाची असते, आणि त्या काडतुसाच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या मिश्रणातही पुष्कळदा शिशाचे संयुग असते. बंदिस्त दालनात काडतुसे झाडली जातात तेव्हा शिशाची अतिसूक्ष्म धूळ हवेत मिसळते, जमिनीवर बसते, कपड्यांवरून घरी जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो, हे आता वादातीत आहे. अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने २००९ साली बंदिस्त रेंजेससाठी स्वतंत्र इशारापत्र काढले. हवा नेमबाजाच्या पाठीकडून लक्ष्याकडे, मिनिटाला सुमारे ७५ फूट वेगाने वाहावी, असे तिचे म्हणणे आहे. रेंज कोरड्या केरसुणीने झाडू नये, हेही ती बजावते. आपल्याकडील झाडणारी बाई तोंडाला पदर लावून कोरडी केरसुणीच फिरविते, आणि छर्रे गोळा करून डब्यात भरते.

ही हानी एका क्षणात होत नाही, म्हणूनच ती विम्याच्या व्याख्येतून निसटते. अपघाताच्या पॉलिसीत ‘आकस्मिक’ हा शब्द असतो. दोन वर्षे रोज थोडे थोडे शिसे अंगात जाणे आकस्मिक नव्हे. अमेरिकेतील व्यावसायिक उत्तरदायित्वाच्या पॉलिसीच्या प्रचलित नमुन्यात १९८६ साली प्रदूषणाचा सरसकट अपवाद घालण्यात आला आणि शिसे हे त्या अर्थी प्रदूषक की नव्हे, यावर तेथील न्यायालयांत पुष्कळ खल झाला. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत शिशाच्या विषबाधेचे नाव व्यवसायजन्य रोग म्हणून होते. पण त्याचा लाभ मागावयाचा तर आधी आपण कर्मचारी आहोत हे सिद्ध करावे लागे; मानधनावरचा प्रशिक्षक आणि तासावर येणारी झाडणारी बाई यांनी ते कसे सिद्ध करावयाचे?

हप्त्याच्या बोजाने लहान रेंजेस बंद पडतील, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. दोन रायफलींवर दहा मुलांना शिकविणारा तालुक्याच्या गावचा प्रशिक्षक आणि महानगरातील वातानुकूलित अकादमी यांना एकाच दराने तोलणे अन्यायाचे होईल. शिवाय एकेकट्या रेंजला विमा देण्यास कंपन्या नाखूश असतात, कारण जोखीम मोजण्यासाठी त्यांच्यापाशी आधार नसतो. यावर उपाय समूहाचा. स्वित्झर्लंडमध्ये नेमबाजी मंडळांनी आपली स्वतःची सहकारी विमा संस्था उभारली आहे. साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सर्व काही सहकाराने करून पाहिलेल्या महाराष्ट्राला हे अशक्य वाटू नये. निदान राज्य संघटनेने सर्व संलग्न रेंजेससाठी एकच सामूहिक पॉलिसी घ्यावी. तीत नेमबाज, प्रशिक्षक व सफाई कर्मचारी या तिघांचीही नावे असावीत, अपंगत्वाची रक्कम मृत्यूच्या रकमेहून मोठी असावी, आणि शिशाच्या तपासणीचा खर्च तीतूनच व्हावा. विद्यार्थ्याच्या वार्षिक नोंदणी शुल्कात या हप्त्याचा वाटा मिळविला तर पालक कुरकुर करतील असे वाटत नाही. जे पालक रायफलीसाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतात, ते एवढ्यासाठी हात आखडता घेणार नाहीत.

शासनाला यासाठी नवा कायदा करण्याचीही तूर्त गरज नाही. सार्वजनिक वा अनुदानित शाळेची जागा रेंजसाठी देताना, क्रीडा खात्याचे साहाय्य देताना आणि स्पर्धेला मान्यता देताना विम्याचे प्रमाणपत्र मागितले तरी निम्मे काम होईल. उरलेले काम पालकांचे. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र पुढे सरकविले जाईल तेव्हा सही करण्यापूर्वी त्यांनी पॉलिसीची प्रत पाहावयास मागावी, आणि तीत आपल्या मुलाचा समावेश प्रेक्षक म्हणून आहे की खेळाडू म्हणून, ते वाचून घ्यावे.