दांगदुत कोणाचे?

मलय सूर, मुंबईची हिंदी चित्रपटगीते आणि पाश्चात्त्य रॉक यांच्या मिलाफातून घडलेले दांगदुत संगीत इंडोनेशियाच्या कष्टकऱ्यांनी आपलेसे केले. अभिजनांनी ते गावंढळ ठरवले. १९७७ च्या निवडणुकीत गायक रोमा इरामा विरोधी पक्षाच्या व्यासपीठावर गेले, तेव्हा सुहार्तो राजवटीच्या दूरचित्रवाणीने त्यांना दारे बंद केली. तेच रोमा १९९७ मध्ये सत्ताधारी गोलकारच्या प्रचारात उतरले. २००३ मध्ये तर खेड्यापाड्यांतून गात पुढे आलेल्या इनुल दारातिस्ता यांच्या नृत्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवून त्यांनी तिला आपली गाणी गाण्यासही मनाई केली! बंदी सोसणाऱ्यानेच बंदीचे हत्यार उपसले. याला दैवदुर्विलास म्हणून सुटका नाही. लोककला सत्तेच्या वळचणीला गेली की पहिला घाव कष्टकरी स्त्रीवरच पडतो. कार्यकर्त्यांनी कलावंताच्या कीर्तीपेक्षा ही कसोटी लक्षात ठेवावी.